मागचा क्रूसिएट अस्थिबंध (गुडघा सांधेरोपणातील)

संपूर्ण गुडघा सांधेरोपणात झिजलेल्या सांध्याच्या जागी धातू आणि पॉलिएथिलीन या कठीण प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवतात. त्या वेळी मागचा क्रूसिएट अस्थिबंध (पीसीएल), म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा पट्टा, जागेवर ठेवायचा, की तो काढून त्याचे काम कृत्रिम सांध्याच्या घडणीवर सोपवायचे, यावर अस्थिशल्यविशारदांमध्ये सुमारे पन्नास वर्षे मतभेद आहेत. अस्थिबंध राखणाऱ्या सांध्याला ‘सीआर’ (क्रूसिएट रिटेनिंग) आणि तो काढून त्याचे काम स्वतः करणाऱ्या सांध्याला ‘पीएस’ (पोस्टीरिअर स्टॅबिलाइज्ड) म्हणतात. पुढच्या क्रूसिएट अस्थिबंधाबाबत (एसीएल) एवढी चर्चा होत नाही. संधिवाताच्या गुडघ्यात तो पुष्कळदा आधीच विरलेला असतो आणि प्रचलित सांधे बसवताना काढलाच जातो. दोन्ही अस्थिबंध राखणारे सांधेही आहेत, पण ते बसवायला किचकट असल्याने मागे पडले.

पीसीएल नडगीच्या हाडाच्या मागच्या बाजूला, सांध्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली उगम पावतो आणि वर-पुढे जाऊन मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. नडगीला मागे सरकू न देणे हे त्याचे एक काम. दुसरे काम गुडघा वाकताना कळते: मांडीचे हाड ज्या बिंदूवर टेकलेले असते तो बिंदू पीसीएलच्या ताणामुळे मागे सरकत जातो. त्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूंना जोर लावायला जास्त तरफ मिळते आणि दोन हाडांच्या मागच्या कडा लवकर एकमेकींवर अडत नाहीत.

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये 1974 साली वापरात आलेला ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा दोन्ही अस्थिबंध काढून बसवला जाई. तो टिकाऊ निघाला, पण गुडघा जेमतेम 90 अंशांच्या आसपास वाकायचा. त्याच्या रचनाकारांपैकी जॉन इन्सॉल यांनी आल्बर्ट बर्स्टीन यांच्यासह 1978 मध्ये सुधारित सांधा आणला. त्यात पॉलिएथिलीनच्या मधोमध एक खुंटी आणि मांडीकडच्या धातूच्या भागात एक आडवी दांडी होती. गुडघा पुरेसा वाकला की दांडी खुंटीला अडते आणि मांडीचे हाड मागे ढकलले जाते. पीसीएलचे काम अशा रीतीने यंत्राने केले. बॉस्टनच्या शल्यविशारदांनी मात्र अस्थिबंध राखणारे सांधे पुढे नेले. ‘टोटल कॉन्डिलर’चे आणखी एक रचनाकार म्हणजे भारतात जन्मलेले चित्तरंजन रानावत. 2000 आणि 2001 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे त्यांनीच बदलले आणि ही शस्त्रक्रिया आपल्याकडे घरोघरी बोलली जाऊ लागली.

अस्थिबंध राखायचे ठरवले म्हणून तो राहतोच असे नाही. नडगीच्या हाडाचा वरचा साधारण 9-10 मिमीचा थर कापताना करवत थोडी मागे गेली, तर अस्थिबंधाचा उगमच कापला जातो. म्हणून काही शल्यविशारद त्याच्यासमोर पातळ पटाशी ठोकून हाडाचे एक बेट शिल्लक ठेवतात. पुढे ताणाचा प्रश्न येतो. चाचणीचे भाग बसवून गुडघा 90 अंशांत वाकवल्यावर नडगीवरच्या तबकडीची पुढची कड उचलली गेली, तर पीसीएल घट्ट आहे. मग त्याचे काही तंतू सोडवावे लागतात किंवा कापाचा मागचा उतार वाढवावा लागतो. घट्ट पीसीएल तसाच ठेवला तर पॉलिएथिलीन मागच्या बाजूने झिजते. उलट तो सैल असेल किंवा काही वर्षांनी तुटला, तर जिना उतरताना गुडघ्याचा भरवसा वाटत नाही.

पीसीएल काढला की वाकलेल्या गुडघ्यातली फट सरळ गुडघ्यातल्या फटीपेक्षा काही मिलिमीटर जास्त उघडते. ती बरोबरीत आणणे हे पीएस बसवणाऱ्याचे कौशल्य. दांडीसाठी मांडीच्या हाडातून चौकोनी खाच काढावी लागते, म्हणजे हाड जास्त जाते. खुंटी झिजणे, क्वचित मोडणे आणि वाटीच्या वर साचलेली गाठ खाचेत अडकून गुडघा सरळ करताना ‘खट्’ होणे, ही दुखणी याच रचनेची.

निकालांत फरक शोधणाऱ्यांच्या हाती फारसे लागलेले नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात 17 यादृच्छिक चाचण्या (रुग्णांचे गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पाडून केलेल्या) तपासल्या होत्या. अस्थिबंध काढलेल्या गटात गुडघा सरासरी 2.4 अंश जास्त वाकत होता. रुग्णाच्या रोजच्या हालचालीत एवढा फरक जाणवणारही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पीएसमध्ये थोडे जास्त दिसते, मात्र अवघड गुडघ्यांना पीएसच बसवला जात असल्याने तो आकडा जपून वाचावा लागतो. नैसर्गिक अस्थिबंधामुळे सांधा कोणत्या स्थितीत आहे याची जाणीव टिकते, हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण झिजलेल्या गुडघ्यातला पीसीएल सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा निरोगी नसतो.

काही गुडघ्यांत निवडीला वाव कमी असतो. पूर्वी वाटी काढून टाकलेली असणे, पीसीएलला जुनी इजा असणे, किंवा वाकडेपणा इतका असणे की अस्थिबंध सोडवल्याशिवाय पाय सरळच होत नाही, अशा वेळी पीएसकडे कल असतो. आमवातातही परंपरेने पीएसच निवडला जाई. अलीकडे तिसरा मार्गही रुळला आहे: पीसीएल काढायचा, पण खुंटी न ठेवता पॉलिएथिलीनची पुढची कड उंच आणि पृष्ठभाग खोलगट करायचा. यात हाडात खाच करावी लागत नाही, आणि सीआर बसवताना पीसीएल निकामी असल्याचे ऐन वेळी लक्षात आले, तर अनेक बनावटींत मांडीचा भाग तोच ठेवून नुसते पॉलिएथिलीन बदलता येते.