सूचक, अनुमोदक आणि न छापलेले रकाने

नाशिकमधल्या एका वैज्ञानिक व्यावसायिक संस्थेचा सभासद अर्ज माझ्यासमोर आहे. नाव, शिक्षण, कामाचा पत्ता, मोबाईल आणि सगळ्यात खाली दोन रेघा: सूचक आणि अनुमोदक. दोघंही जुने आजीव सभासद हवेत. स्त्री की पुरुष, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व, यांचे रकाने नाहीत. आपल्यात कोण किती आहेत, असं मी कार्यकारिणीच्या बैठकीत विचारलं, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्याकडे भेदभाव नाहीच, मग मोजायचं कशाला?" त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच या प्रश्नामागचा इतिहास नीट सांगायला हवा.

त्या दोन रेघा फार जुन्या आहेत. १६६० मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल सोसायटीत फेलो, म्हणजे निवडून घेतलेला सभासद, व्हायचं तर आधीच्या फेलोंनीच नाव सुचवावं लागतं. १९०२ मध्ये ब्रिटिश अभियंता हर्था आयर्टन यांचं नाव असं सुचवलं गेलं. विद्युत ज्योतीवरचं (इलेक्ट्रिक आर्क) त्यांचं काम तोवर मान्यता पावलं होतं. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला आणि विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही, असं कारण देऊन ते नाव बाजूला ठेवलं. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिलं. कामाला पदक मिळालं, माणसाला जागा नाही! पहिल्या दोन स्त्रिया, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन, निवडून आल्या त्या १९४५ मध्ये. मुंबईचे जहाजबांधणी अभियंता आर्देशीर कर्सेटजी वाडिया मात्र १८४१ मध्येच फेलो झाले होते. म्हणजे हिंदुस्थानी माणूस आत गेल्यावरही स्त्रियांना १०४ वर्षं थांबावं लागलं. एक दार उघडलं म्हणून दुसरं उघडतंच असं नाही, हे काळाराम मंदिराच्या गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

२ मार्च १९३० रोजी पंचवटीत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिराच्या दारांशी सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी अलाहाबादला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी एक विज्ञान अकादमी उभी केली. विद्यार्थी असताना कोलकात्याच्या वसतिगृहात या साहांना जातीमुळे वेगळं जेवायला बसावं लागलं होतं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर चाचणीवर राहण्यासारख्या अटी घालून त्यांना घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी रामन यांनी इंडियन अकादमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि १९३५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल तिच्या फेलो झाल्या. १९३५ हेच आंबेडकरांच्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेचंही वर्ष. मंदिर असो की अकादमी, प्रश्न एकच होता: आत कोणी यायचं, आणि ते ठरवणार कोण?

पण आत आलेल्यांचं पुढे काय होतं, हे मोजायला बरीच वर्षं लागली. अमेरिकन फिजिकल सोसायटीने १९७२ मध्ये स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. १९७३ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिकांनी स्वतःची संघटना काढली. १९१४ पासून भरणाऱ्या इंडियन सायन्स काँग्रेसला पहिली महिला अध्यक्ष, असिमा चटर्जी, १९७५ मध्ये लाभली. १९३५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीला (इन्सा) तर त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. त्या चंद्रिमा शहा.

नुसती सभासदसंख्या मोजून फारसं काही हाती लागत नाही. पुरस्कार कोणाला मिळाला यापेक्षा नामांकन कोणाचं आलं आणि ते कोणी केलं, हे पाहावं लागतं. परीक्षक कोण नेमले, बीजभाषण कोणाचं, सभासदत्व कोणी सोडलं, तेही पाहावं लागतं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने आपल्या पत्रिकांकडे आलेल्या शोधनिबंधांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. स्त्रियांच्या वाट्याची तूट प्रत्येक टप्प्यावर छोटीच होती, पण ती साचत जात होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, कारण इथे कोणा एका दुष्ट माणसाचा शोध घ्यावा लागत नाही.

भारतात अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०१५ मध्ये लिंगसमतेसाठी कार्यगट नेमला आणि २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी भौतिकशास्त्रातल्या लिंगसमतेसाठी हैदराबाद सनद मांडली. दोन्ही पावलं मोलाची, पण त्यांचा रोख लिंगसमतेवर आहे. जातीच्या रकान्याचा विषय काढला की सभागृह गप्प होतं. भाषेचा तर कोणी विचारही करत नाही. चर्चा इंग्रजीत सुरू झाली की मराठी माध्यमातून आलेला हुशार अभियंता मागच्या रांगेत मान खाली घालून टिपणं काढत बसतो, हे मी दर सभेला पाहतो.

गेल्या महिन्यात मी आमच्या संस्थेच्या जुन्या निमंत्रणपत्रिका काढल्या. स्वागतगीत, सूत्रसंचालन, आभार: बायकांची नावं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, बीजभाषण: पुरुषांची. अर्जांची फाइल चाळली, तर सूचकाच्या रेघेवर त्याच चार-पाच सह्या पुन्हा पुन्हा दिसल्या. नात्यातल्या, एका कॉलेजातल्या, एका गल्लीतल्या ओळखीच्या.

नव्या अर्जाचा मसुदा आम्ही केला आहे. त्यात रकाने आहेत आणि प्रत्येकापुढे 'सांगायचं नाही' हा पर्यायही आहे. अनुमोदकाची अट काढावी, असाही प्रस्ताव आहे. वार्षिक सभेत त्यावर मतदान होईल. तोवर जुनाच अर्ज चालू आहे. सुरगाण्याहून आलेल्या एका तरुण संशोधिकेने तो सुवाच्य अक्षरात भरून आणला आणि खालच्या दोन रेघा कोऱ्या ठेवल्या. "सर, इथं माझ्या ओळखीचं कोणी नाही," ती म्हणाली. सूचकाच्या जागी मी सही केली आहे. अनुमोदकाची रेघ अजून कोरी आहे.