न दुखता जाणारी नजर

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पानाचा फटका बसून डोळा लाल झाला, की माणूस त्याच दिवशी धावपळ करतो. पण एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं आणि दुखत काहीच नसेल, तर "मोतीबिंदू असेल, कापूस वेचून झाला की दाखवू" म्हणत पंधरा दिवस निघून जातात. डॉक्टर दोघांनाही हवा, पण तासांचा हिशोब दुसऱ्याच्या बाबतीत आहे.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, प्रकाश कळतो; वेदना कळत नाही. वेदनेचे मज्जातंतू पुढच्या पारदर्शक कॉर्नियात खच्चून भरलेले असतात. त्यामुळे कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो, आणि आतला पडदा रक्तावाचून मरत असला तरी कुठे कळ येत नाही.

पडद्याला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने तुंबली, तर काही क्षणांत नजर जाते. सोहनसिंग हयरे या नेत्रसंशोधकांनी माकडांवर प्रयोग करून पाहिले. ९७ मिनिटांपर्यंत रक्त थांबलं तरी पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र जवळजवळ सगळा कायमचा निकामी झाला. हा डोळ्याला आलेला झटकाच असतो, आणि पुढच्या काही दिवसांत मेंदूलाही तसाच झटका येण्याची भीती राहते. म्हणून दहा मिनिटांत पुन्हा दिसायला लागलं तरी घरी थांबू नये. चष्म्याच्या दुकानात किंवा पुढच्या आठवड्यातल्या शिबिरात नव्हे, थेट मोठ्या दवाखान्यात जावं.

पडदा सुटण्याची तऱ्हा निराळी. आधी कडेला विजेसारखी चमक दिसते, डोळ्यांपुढे काळे ठिपके एकदम वाढतात, मग एका बाजूने सावली सरकत येते. सावली मधोमध पोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली, तर वाचता येण्याइतकी नजर बहुतेकदा टिकते. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शंका आली की एकेक डोळा झाकून पाहावं.

दुखणाऱ्या प्रकारांतला एक फार फसवा आहे. संध्याकाळी अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरचे पित्ताची गोळी देतात. प्रत्यक्षात डोळ्यातल्या पाण्याचा निचरा बंद झालेला असतो आणि एरवी १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याचे) असणारा दाब ५० च्याही वर चढतो. हा अचानक आलेला काचबिंदू. डोळा लाल आणि दिसणं धूसर असेल, तर ते पित्त समजू नका, रात्रीच निघा.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटते आणि समोरच्या लेकराच्या डोळ्यात उडते. हे आपल्याकडे वारंवार घडतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच टोचतं, कारण ते पूर्ण टळणारं आहे. आम्लाने वरचे प्रथिनांचे थर गोठतात, त्यामुळे ते सहसा तिथेच अडतं. चुना मात्र अल्कली. पेशींच्या आवरणातल्या चरबीचा तो साबण करतो आणि आत आत उतरत जातो. त्यामुळे इथे पहिला दवाखाना म्हणजे घरातला नळ, नाहीतर हंडा. पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाणी ओतत राहायचं, वरच्या पापणीखाली अडकलेले कण ओल्या कापडाने काढायचे, आणि मगच गाडीत बसायचं. दूध, तूप, मध काही नको. फवारणीचं औषध उडालं तरी हेच.

डोळ्यात काही घुसलं असेल, तर मात्र उलटं: धुवू नका, दाबू नका, काढूही नका. वर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत खायला देऊ नका.

धडगाव-मोलगीहून घाट उतरून नंदुरबार गाठण्यातच बराच वेळ जातो, म्हणून १०८ ला फोन लवकर करावा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पडद्याची शस्त्रक्रिया प्रत्येक नेत्रतज्ज्ञ करत नाही. निघताना फोनवर तेवढं विचारलं तर एक फेरा वाचतो. नजर किती वाजता गेली ते लिहून न्या.

राहिला पानाचा फटका. पऱ्हाटी, मका, केळी यांच्या ओरखड्यातून बुरशी कॉर्नियात शिरते, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, बुरशी मात्र फोफावते. तो थेंब डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालू नका.