पोलीस स्मृतिदिन आणि नाशिक जिल्हा

कर्तव्य बजावताना मृत्यू आलेल्या पोलिसांच्या स्मरणार्थ देशभर दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. 'पोलीस हुतात्मा दिन' असेही त्याला म्हणतात. महाराष्ट्रात राज्याचा मुख्य कार्यक्रम मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तिथले पोलीस दल मानवंदना देते.

दिवसाचे मूळ लडाखमध्ये आहे. २० ऑक्टोबर १९५९ रोजी हॉट स्प्रिंग्स येथून टेहळणीला गेलेली एक तुकडी परतली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शोधात निघालेल्या पोलिसांवर चिनी सैनिकांनी उंचावरून गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला मिळाले. त्या सीमेवर तेव्हा पहारा पोलिसांचाच होता, हे आज फारसे कुणाला ठाऊक नसते. जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस पाळण्याचे ठरवले.

स्मृतिदिनाच्या संचलनात त्या वर्षी देशभरात कामी आलेल्यांची नावे वाचली जातात. मग 'शोक शस्त्र'ची आज्ञा होते, बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात आणि बिगुल वाजतो. नाववाचन लांबते; ऑक्टोबरच्या उन्हात जवान उभे असतात, आणि ते तसेच लांबले पाहिजे. पुढच्या वर्षीची यादी मात्र नवी असते. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ साली खुल्या झालेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतरची हजारो नावे कोरली आहेत. पण सुरगाण्याच्या किंवा येवल्याच्या माणसाला ती भिंत लांबच. लहान गावातला अंमलदार गेला, की त्याचे नाव पुढे टिकवणे हे त्याच्या ठाण्याचे आणि गावाचे काम ठरते. ठाण्यातली हार घातलेली तसबीर, चौकाला किंवा शाळेच्या वर्गाला दिलेले नाव, पुण्यतिथीचे रक्तदान शिबिर किंवा कबड्डीचे सामने, असे त्याचे रूप असते. यांतले जे दरवर्षी माणसांना एकत्र आणते, तेच जास्त काळ चालते. नुसती पाटी लवकर विसरली जाते.

या स्मरणाशी नाशिकचे नाते जिल्ह्यापुरते नाही. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्डे येथे सुरू झालेली पोलीस प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली. तीच आजची त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी. राज्याचे पोलीस उपनिरीक्षक इथे घडतात. गडचिरोलीच्या जंगलात एखादा तरुण फौजदार कामी येतो, तेव्हा त्याने पहिली कवायत बहुधा याच मैदानावर केलेली असते.

जिल्ह्यातली एक जुनी घटना स्मरणाचा प्रश्न अवघड करते. एप्रिल १९२१ मध्ये, खिलाफत चळवळीच्या काळात, मालेगावात जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष पेटला. त्यात एक फौजदार आणि काही शिपाई मारले गेले. महात्मा गांधींनी या हिंसेचा स्पष्ट निषेध केला. पुढे खटला चालून काही आंदोलकांना फाशी झाली, आणि त्यांना हुतात्मे मानणारी परंपरा मालेगावात आजही आहे. पोलीस परक्या सरकारचे नोकर होते, हे खरे. पण त्या दिवशी तेही नेमून दिलेल्या कामावर होते आणि त्यांच्याही घरी माणसे वाट पाहत होती. या इतिहासात दोन्ही बाजूंच्या मृतांना जागा असायला हवी.

पोलिसांच्या यादीत न बसणारे मृत्यूही आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनातील भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. ते महसूल खात्याचे असल्याने २१ ऑक्टोबरच्या नाववाचनात त्यांचे नाव येत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर राज्यभरातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध नोंदवला होता.