सोबर होम

सोबर होम : दारू किंवा अमली पदार्थ सोडलेल्या माणसांनी मिळून राहायचे घर. उपचार संपले आहेत, पण जुन्या वस्तीत, जुन्या दोस्तांत परतायची भीती वाटते, अशा मधल्या काळासाठी ते असते. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. ‘सुधारगृह’ म्हणावे तर त्याला तुरुंगाचा वास येतो. हे व्यसनमुक्ती केंद्रही नव्हे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात माणूस उपचारांसाठी दाखल होतो. इथे तो भाडेकरू असतो. सकाळी कामावर जातो, भाड्याचा वाटा देतो, भांडी घासायची पाळी चुकवली तर बोलणी खातो. अनेक घरांत रात्री ठरलेल्या वेळेआत परतावे लागते, लघवीची तपासणी होते आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’सारख्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना जावे लागते.

काही घरांत पगारी व्यवस्थापक असतो. ‘ऑक्सफर्ड हाऊस’ या नावाने चालणाऱ्या घरांत मात्र असा कोणीच नसतो. १९७५ मध्ये मेरिलंडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे काउंटीचे एक निवासगृह बंद होणार होते, तेव्हा पॉल मलॉय आणि त्यांच्या सोबत्यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. जुन्या व्यवस्थेत सहा महिन्यांनी बाहेर पडावे लागे आणि बाहेर पडलेले बरेच जण पुन्हा पिऊ लागल्याचे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी मुदतच ठेवली नाही. नियम तीनच: कारभार लोकशाहीने चालवायचा, खर्च सर्वांनी मिळून उचलायचा आणि जो पुन्हा व्यसन करील त्याला लगेच बाहेर काढायचे. नव्या माणसाला घ्यायचे तर ८० टक्के मते लागतात. पदाधिकारी सहा महिन्यांनी बदलतात. खजिनदाराचे काम कधीकाळी पगार दारूत उडवणाऱ्याकडेही येते, आणि या पद्धतीची खरी खुबी तीच.

तिसरा नियम निष्ठुर वाटतो. पण एकाने घरात बाटली आणली की बाकीच्यांचाही तोल जाऊ शकतो, हे रहिवाशांना अनुभवाने ठाऊक असते.

डीपॉल विद्यापीठाच्या लेनर्ड जेसन यांच्या गटाने इलिनॉयमध्ये उपचार संपवलेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: निम्मे ऑक्सफर्ड हाऊसमध्ये, निम्मे नेहमीच्या व्यवस्थेत. दोन वर्षांनंतर व्यसन करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ६५ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

शेजाऱ्यांचा विरोध जुनाच आहे. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने, एका घरात नात्यागोत्याबाहेरचे पाचाहून अधिक लोक राहू शकत नाहीत, या नियमावर बोट ठेवून एका ऑक्सफर्ड हाऊसला हरकत घेतली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा नियम गृहनिर्माणातील भेदभावविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, असा निकाल दिला.

खरा धोका वेगळ्या बाजूने आला. अनेक राज्यांत असे घर उघडायला परवाना लागत नसल्याने घरमालकांपेक्षा दलालांचेच फावले. विमा असलेला माणूस आणून द्यायचा आणि उपचार केंद्राकडून कमिशन घ्यायचे, हा धंदा फ्लोरिडात बोकाळला. ॲरिझोनात आदिवासी समाजातील लोकांना, त्यांत नावाहोही होते, अशा घरांत आणून न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी आरोग्य योजनेकडे लावली गेली. मे २०२३ मध्ये राज्याने अनेक केंद्रांची देयके रोखली. कित्येक घरे अचानक बंद पडली आणि तिथले रहिवासी फीनिक्सच्या रस्त्यावर आले.