ह्यूस्टन कूगर्सची हार: ७ एप्रिलच्या रात्रीमागची जुनी दुखणी

७ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये ह्यूस्टन युनिव्हर्सिटीची टीम, म्हणजे कूगर्स, कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलला फ्लोरिडाकडून ६५-६३ अशी हरली आणि पुढचा आठवडाभर आमच्यासारखे ह्यूस्टनमध्ये राहणारे लोक तोंड पाडून फिरत होते. भारतात तेव्हा मंगळवारची सकाळ होती, त्यामुळे पुण्याच्या मित्रांना चहाबरोबरच बातमी कळली आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, अरे कॉलेजच्या पोरांची मॅच ना ही, दोन पॉइंटनी गेली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? बायकोचाही तोच प्रश्न, फक्त टोन वेगळा. आता याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही कारण ह्यूस्टनचा फॅन त्या रात्री एक मॅच हरला नव्हता, जुन्या पाच-सहा मॅचेस पुन्हा एकदम हरला होता. म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

आधी ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये कॉलेज बास्केटबॉलची नॅशनल टूर्नामेंट होते, ६८ टीम, सरळ नॉकआउट, एक हरलात की बॅग भरा. बेस्ट ऑफ सेव्हन वगैरे लाड एनबीएत, म्हणजे प्रो लीगमध्ये, इथे नाही. शेवटच्या चार टीम उरतात त्याला फायनल फोर म्हणतात आणि नुसतं तिथपर्यंत पोचलं तरी कॉलेजं बॅनर लावतात. ह्यूस्टन तिथे सात वेळा पोचलंय, १९६७, ६८, ८२, ८३, ८४, मग २०२१ आणि २०२५. ट्रॉफी शून्य.

सुरुवात १९६८ ची. कोच होते गाय लुइस, हातात कायम लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा टॉवेल, रागावले की तो चावायचे. १९६४ मध्ये त्यांनी एल्विन हेज आणि डॉन चेनी या दोन काळ्या मुलांना टीममध्ये आणलं, त्या काळच्या टेक्ससमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. २० जानेवारी १९६८ ला ह्यूस्टन विरुद्ध लॉस एंजेलिसची यूसीएलए अशी मॅच शहरातल्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ठेवली, ते बेसबॉलचं अवाढव्य स्टेडियम, मधोमध कोर्ट मांडलेलं, लोक इतक्या लांब बसलेले की खेळाडू मुंगीएवढे दिसत असतील, तरी ५२,६९३ माणसं आली. यूसीएलए सलग ४७ मॅच जिंकून आलेली, त्यांच्याकडे ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. हेजने एकट्याने ३९ पॉइंट केले, शेवटचे दोन फ्री थ्रोही, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट, त्याचेच, ७१-६९. रेग्युलर सीझनची मॅच प्राइम टाइमला देशभर टीव्हीवर दाखवायची ही पहिलीच वेळ, आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये टीव्हीचा पैसा यायला लागला त्याची सुरुवात लोक इथूनच धरतात.

पण कोर्टाची गंमत बघा. अ‍ॅस्ट्रोडोममध्ये बास्केटबॉलचं फ्लोअरच नव्हतं म्हणून ते लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनातून आणलेलं, आणि दोन महिन्यांनी फायनल फोर कुठे, तर त्याच स्पोर्ट्स अरीनात, पुन्हा यूसीएलए समोर. डोळ्याच्या दुखापतीतून अल्सिंडर बरा झालेला, हेजभोवती एक माणूस कायमचा चिकटवून ठेवलेला, हेजला मिळाले फक्त १० पॉइंट आणि स्कोअर १०१-६९. इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते अ‍ॅस्ट्रोडोमची मॅच तासभर सांगतात आणि लॉस एंजेलिसवर आले की विषय बदलतात.

मग १९८३. आपल्यासाठी १९८३ म्हणजे लॉर्ड्स, कपिल, १८३ ऑलआउट होऊन जिंकलेली फायनल. ह्यूस्टनचं १९८३ समजून घ्यायचं तर ती लॉर्ड्सची फायनल वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंग रूममधून बघा, बस, तेच. पावणेतीन महिने आधी, ४ एप्रिलला, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत. लागोसहून आलेला हकीम ओलाजुवोन, ह्यूस्टनचाच पोरगा क्लाइड ड्रेक्सलर, मायकल यंग, लॅरी मिशो, बेनी अँडर्स, अशी टीम की इथल्या एका पेपरवाल्याने त्यांना 'फाय स्लामा जामा' असं कॉलेजच्या फ्रॅटर्निटीसारखं, म्हणजे तिथल्या पोरांच्या क्लबसारखं, नाव देऊन टाकलं, कारण सगळे उठसूट डंक मारायचे, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबायचे. सलग २६ विजय, नंबर एक. समोर नॉर्थ कॅरोलिना स्टेट, आधीच दहा मॅच हरलेली, आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची, टूर्नामेंट जिंकली म्हणून कशीबशी आत आलेली टीम, कोच जिम व्हॅल्वानो, वय ३७, बोलण्यात एक नंबर.

पहिल्या हाफमध्येच ड्रेक्सलरचे चार फाउल झाले, पाचव्याला खेळाडू बाहेर, त्यामुळे तो निम्मा गेल्यात जमा. हाफटाइमला ह्यूस्टन ३३-२५ मागे. मग दुसऱ्या हाफमध्ये १७-२ अशी मुसंडी मारून ४२-३५ पुढे, आणि इथे गाय लुइसनी टीमला हळू खेळायला सांगितलं. तेव्हा या मॅचेसना शॉट क्लॉक नव्हता, बॉल हातात धरून वेळ काढता यायचा. जी टीम धावत सुटली की कुणाला आवरत नाही तिलाच ब्रेक लावला, यावर इथे आजही भांडणं होतात आणि माझं मत विचाराल तर तिथेच मॅच गेली. व्हॅल्वानोने काय केलं, पोरांना मुद्दाम फाउल करायला लावलं, कारण ह्यूस्टनवाले फ्री थ्रोत कच्चे. ५२-५२ झालेलं, साधारण एक मिनिट उरलेलं, आल्विन फ्रँकलिन नावाचा फर्स्ट इयरचा पोरगा लाइनवर, नियम असा की पहिला गेला तरच दुसरा मिळणार. पहिला नाही गेला.

शेवटचे काही सेकंद. बॉल फिरत फिरत डेरेक व्हिटेनबर्गकडे येत होता, बेनी अँडर्सने मध्ये झडप घातली, अगदी थोडक्यात हुकली, मिळाला असता तर समोर अख्खं कोर्ट रिकामं होतं. व्हिटेनबर्गने कसाबसा तो बॉल गोळा केला आणि तीसेक फुटांवरून फेकला. तो रिंगलाही लागणार नव्हता इतका शॉर्ट. ओलाजुवोन रिंगपासून जरा पुढे सरकलेला, त्याच्यामागे लॉरेन्झो चार्ल्स मोकळा उभा, त्याने हवेतच बॉल धरला आणि आत घातला. ५४-५२. ओलाजुवोनचे त्या मॅचमध्ये २० पॉइंट आणि १८ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल पकडणं), टूर्नामेंटचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला, हरलेल्या टीममधल्या खेळाडूला तो मान मिळायची आजपर्यंतची ती शेवटची वेळ.

आता खरं दुखणं काय आहे ते ऐका. हरणं एकवेळ पचतं, पण ही हार कधी जुनीच होऊ देत नाहीत. व्हॅल्वानो त्या क्षणी मिठी मारायला कुणीतरी मिळावं म्हणून कोर्टभर सैरावैरा धावत सुटला, ते दृश्य अमेरिकेतल्या खेळांच्या इतिहासातलं सगळ्यात लाडकं दृश्य झालं. नऊ वर्षांनी त्याला कॅन्सरने गाठलं, १९९३ मध्ये जाण्याआधी त्याने हार मानू नका असं जे भाषण केलं ते इथे लहान पोरांनाही माहीत असतं, त्याच्या नावाने कॅन्सर रिसर्चला पैसे जमवणारं फाउंडेशन आहे, चांगलं काम आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण दर मार्चमध्ये टीव्ही लावला की चार्ल्सचा डंक, व्हॅल्वानोची धावाधाव, आणि कडेला लाल जर्सीतले खाली मान घातलेले आपले लोक. दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये व्हिलन म्हणून चाळीस वर्षं फुकटात काम करतोय आम्ही.

१९८४ ला पुन्हा फायनल, पॅट्रिक यूइंगच्या जॉर्जटाउनकडून ८४-७५ हार. त्यानंतर ओलाजुवोन एनबीएच्या ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला, १९९४ आणि ९५ ला टायटल आणली, ९५ ला तर ड्रेक्सलरही सोबत, त्यामुळे शहराचं दुःख थोडं हलकं झालं. कॉलेजचं मात्र पार वाटोळं. १९८६ ला गाय लुइस रिटायर झाले, नव्वदीच्या दशकात साउथवेस्ट कॉन्फरन्स फुटली, टेक्ससची मोठी कॉलेजं बिग ट्वेल्व्हमध्ये गेली आणि ह्यूस्टनला बाहेर ठेवलं. १९८४ नंतर या टूर्नामेंटमध्ये एक मॅच जिंकायला २०१८ उजाडलं. मी इथे एमएसला आलो तेव्हा कॅम्पसवर बास्केटबॉलचा कुणी विषयसुद्धा काढायचं नाही, हॉफहाइन्झ पॅव्हिलियनमध्ये पाय पसरून बसता यायचं एवढी जागा रिकामी.

२०१४ ला केल्विन सॅम्पसन आले. आधीच्या कॉलेजांत नियमाबाहेर फोन आणि मेसेज केले म्हणून पाच वर्षांची शिक्षा भोगलेला माणूस, कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. पण त्यांनी एकच धरून ठेवलं, डिफेन्स आणि रिबाउंड, सुटा बॉल दिसला की अंग टाकायचं. २०१८ ला पहिली मॅच जिंकली, दोन दिवसांनी मिशिगनसमोर दोन पॉइंटने पुढे असताना ३.६ सेकंदांवर दोन फ्री थ्रो हुकले आणि जॉर्डन पूल नावाच्या फर्स्ट इयरच्या पोराने पाय पसरून लांबून मारलेला थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, वेळ संपल्याच्या बझरला आत, ६४-६३. २०२१ ला फायनल फोर, बेलरने धुतलं. २०२३ ला फायनल फोर ह्यूस्टनमध्येच होतं, शहरभर पोस्टर, आणि आपण दोन मॅच आधीच मायामीकडून बाहेर. २०२४ ला ड्यूकसमोर जमाल शेडचा घोटा मुरगळला, तो टीमचा कणा, ५४-५१ हरलो. म्हणजे बघा, फ्री थ्रो, बझर, दुखापत, हरायचा एकही प्रकार शिल्लक नव्हता असं वाटायचं.

आणि म्हणूनच २०२५ ला वाटलं की झालं आता. पर्ड्यूविरुद्ध टाय असताना शेवटच्या तीनेक सेकंदांत बाहेरून बॉल आत, मिलोस उझानने तो जोसेफ टग्लरला दिला, टग्लरने परत उझानला, रिंगजवळून सोपा लेअप, ६२-६०. सेमीफायनलला ड्यूक, १४ पॉइंटनी मागे, शेवटच्या ३५ सेकंदांतसुद्धा सहाने मागे, आणि तरी ७०-६७ जिंकलो. शनिवारची ती रात्र, रविवारी रामनवमी, ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडला प्रसादाच्या रांगेत लोक रामाचं नाव घेत होते की सॅम्पसनचं ते देवालाच ठाऊक.

सोमवारी फायनल. दुसऱ्या हाफमध्ये ४२-३० अशी १२ ची लीड. फ्लोरिडाचा स्टार वॉल्टर क्लेटन पहिल्या हाफमध्ये शून्यावर. मग तो फरक हळूहळू उतरत गेला, शेवटच्या मिनिटात फ्री थ्रोवर फ्लोरिडा पुढे, आणि १९.७ सेकंद उरले असताना ६५-६३, बॉल आपल्याकडे. थ्री गेला तर चॅम्पियन. इमॅन्युएल शार्पकडे बॉल आला, तो मारायला हवेत उठला, क्लेटन धावत अंगावर आला, शार्पला दिसलं की हा ब्लॉक होणार, म्हणून त्याने हवेतच बॉल खाली सोडला. आता नियमाने स्वतः उडी मारून सोडलेला बॉल आपणच आधी हातात घेतला तर ट्रॅव्हल, म्हणजे नियमभंग आणि बॉल समोरच्यांना. त्यामुळे बॉल समोर टप्पे खातोय, शार्प बाजूला वाकून उभा, हात लावता येत नाही, दुसरा कुणी आपला जवळ नाही, फ्लोरिडाच्या कॉन्डनने अंग टाकलं आणि वेळ संपली. शॉटच नाही. मॅचनंतर सॅम्पसन म्हणाले की अशा वेळी आपल्याला शॉट घेता आला नाही हे समजण्यापलीकडचं आहे. सुट्या बॉलवर अंग टाकायला शिकवणाऱ्या टीमची फायनल दुसऱ्याने सुट्या बॉलवर अंग टाकून संपवली. वर फ्लोरिडाचा कोच टॉड गोल्डन, वय ३९, टायटल जिंकणारा सगळ्यात तरुण कोच, कुणानंतरचा तर १९८३ च्या व्हॅल्वानोनंतरचा. कॉमेंटेटरने ते नाव घेतलं तेव्हा आमच्याकडे एकाने रिमोट उचलून टीव्ही बंदच केला.

मग सावरतात कसे? १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सात युनिव्हर्सिट्यांत बघितलं होतं की शनिवारी आपली फुटबॉल टीम जिंकली तर सोमवारी वर्गात कॉलेजचे टीशर्ट जास्त दिसतात, हरली की कमी. माणूस सहज अंग काढून घेतो. ह्यूस्टनमध्ये दर शुक्रवारी लाल घालायची पद्धत आहे, फायनलनंतरच्या शुक्रवारी मीही कपाटासमोर थोडा रेंगाळलो, मग घातला. ग्रोसरीच्या रांगेत सत्तरीच्या एका गृहस्थांनी तो बघून विचारलं, तुमची ही पहिलीच का? हो म्हटलं. ते म्हणाले माझी तिसरी, आणि १९८३ ला हळू खेळायला नको होतं यावर सुरू झाले, आइस्क्रीम वितळेपर्यंत. मला वाटतं इथे औषध एवढंच आहे, कुणीतरी तुमच्यापेक्षा जास्त वेळा हरलेला भेटणं आणि त्याच्याशी प्लेवरून भांडणं.

शार्प, उझान, टग्लर तिघंही पुढच्या सीझनला परत आले, सॅम्पसनही. त्या गृहस्थांचा एक सल्ला मात्र मी पाळतोय, शेवटच्या १९ सेकंदांची क्लिप बघायची नाही, फारच वाटलं तर पर्ड्यूची लावायची, टग्लरचा तो पास.