डीएसओ किती मेगाहर्ट्झचा घ्यावा? मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्या ग्राहकांसाठी

नागपूरच्या बर्डीवर आमच्या दुकानाच्या काउंटरवर येणारे बहुतेक जण हाच प्रश्न पहिला विचारतात: डीएसओ, म्हणजे सिग्नलचा आलेख स्क्रीनवर दाखवून साठवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, किती मेगाहर्ट्झचा घ्यावा? डिप्लोमाची मुलं विचारतात, हिंगणा एमआयडीसीतले मेंटेनन्सवालेही विचारतात. आम्ही उलट विचारतो: बोर्डवर तुम्हाला पाहायचं काय आहे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक ग्राहक घरच्या कुलरसाठी बनवलेला कंट्रोलर घेऊन आले. अर्डुइनो ऊनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि रिलेवर कुलरचा पंप. तक्रार एका वाक्याची: "पंप बंद झाला का बोर्ड रिसेट होते, भाऊ." मल्टिमीटरवर 5 व्होल्ट अगदी स्थिर. दिसणारच, कारण मल्टिमीटरचा आकडा सेकंदातून दोन-चार वेळाच बदलतो.

आम्ही डीएसओचा प्रोब 5 व्होल्टच्या लाइनवर लावला. ट्रिगर उतरत्या कडेवर, पातळी 4.5 व्होल्ट, मोड सिंगल, म्हणजे व्होल्टेज 4.5 च्या खाली घसरलं की तो क्षण एकदाच पकडून स्क्रीन गोठते. पंप बंद केला आणि स्क्रीनवर एक खोल खाच गोठून राहिली, जेमतेम दोन मायक्रोसेकंदांची. लगेच विश्वास ठेवला नाही. प्रोबचं टोक आणि त्याची ग्राउंड क्लिप दोन्ही बोर्डच्या एकाच ग्राउंडला लावून, ट्रिगरची पातळी शून्याच्या जरा खाली आणून पुन्हा पंप बंद केला. आताही खाच आली, पण बरीच लहान. म्हणजे थोडा भाग प्रोबच्या तारेनंच हवेतून पकडला होता, बाकीची गडबड मात्र खरी होती. प्लग काढून पंपाच्या दोन टोकांवर 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 (230 व्होल्टच्या लाइनवर लावायचा) कपॅसिटर सिरीजमध्ये जोडून दिला. रिसेट बंद.

हे सगळं 50 मेगाहर्ट्झच्या डीएसओवर सापडलं. कामाला आला तो ट्रिगर. एकदाच घडून जाणारी गोष्ट पकडून ठेवणं जुन्या सीआरओला (पिक्चर ट्यूबचा, न साठवणारा ऑसिलोस्कोप) जमत नाही, म्हणून सेकंडहँड सीआरओ स्वस्तात मिळतोय असं कोणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा. ऑडिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला तो आजही छान आहे.

मेगाहर्ट्झचं गणित

खोक्यावर 100 मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीच्या साइन वेव्हची उंची स्क्रीनवर खऱ्याच्या साधारण 70 टक्के दिसते. स्क्वेअर वेव्हमध्ये मात्र कड किती वेगानं चढते हे महत्त्वाचं. 0.35 ला बँडविड्थनं, म्हणजे खोक्यावरच्या त्या मेगाहर्ट्झनं, भागा: 100 मेगाहर्ट्झला 3.5 नॅनोसेकंद, 50 ला 7. याहून वेगवान कड तो डीएसओ तेवढी तिरपी करूनच दाखवणार.

"ईएसपी32 तर 240 मेगाहर्ट्झवर चालतो, मग?" चालतो, पण तो क्लॉक चिपच्या आत. तुम्ही प्रोब लावता त्या पिनांवर चिपा आपसात बोलतात त्या पद्धती असतात: आय2सी 100 किंवा 400 किलोहर्ट्झचं, यूएआरटी त्याहून सावकाश, आणि एसपीआय साधारण काही मेगाहर्ट्झचं. सिग्नलच्या पाचपट बँडविड्थ घ्यावी हा ढोबळ नियम धरला तर 20 मेगाहर्ट्झच्या एसपीआयलाही 100 पुरतो. ऊनोवरच काम असेल तर 50 चालेल. 200 साठी पैसे मोजण्याआधी चार चॅनल (एकाच वेळी चार सिग्नल पाहता येणं) आणि मेमरी पाहा.

सँपलिंगचा, म्हणजे डीएसओ सेकंदाला किती वेळा मोजतो त्याचा, आकडाही नीट वाचा, तो बहुधा एकच चॅनल चालू असतानाचा असतो. रिगॉलच्या डीएस1054झेडचंच घ्या: एका चॅनलला सेकंदाला 1 अब्ज सँपल, चारही चालू केले की प्रत्येकाला 25 कोटी. मायक्रोकंट्रोलरला तेही पुरेसे आहेत, पण माहीत असलेलं बरं.

मेमरी, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही

समजा 115200 बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) सेन्सर बोलतोय आणि अर्ध्या सेकंदाचं बोलणं एकदम पकडायचंय. एक बिट 8.68 मायक्रोसेकंदांचा. मेमरी 20 हजार पॉइंटची, म्हणजे तेवढेच सँपल साठवणारी, असेल तर दर 25 मायक्रोसेकंदांना एक सँपल पडेल. अख्खे बिट मधूनच गळतील आणि डीकोडमध्ये, म्हणजे बिटांवरून मजकूर वाचताना, कचरा येईल. तीच मेमरी 1 कोटी 20 लाख पॉइंटची असेल तर एका बिटावर दोनशेच्या वर सँपल बसतात. पकडून ठेवा, मग झूम करत सावकाश पाहा.

फक्त डिजिटल डेटाच वाचायचा असेल तर डीएसओ नकोच, असं आम्ही स्पष्ट सांगतो. 8 चॅनलचा, 24 मेगाहर्ट्झचा छोटा लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर एवढ्यात बरंच काम होतं. धंद्याच्या दृष्टीनं हा सल्ला आमच्या तोट्याचा आहे. पण तो ॲनालायझर फक्त शून्य की एक एवढंच सांगतो. आय2सीच्या लांब वायरवर पुल-अप (लाइन वर खेचणारा रेझिस्टर) 10 किलोओहमचा असला की चढती कड सरळ उभी न राहता वाकत वाकत वर जाते. डेटा चुकतोय हे ॲनालायझर सांगेल. का चुकतोय, ते डीएसओवर ती वाकडी कड पाहिल्यावरच कळतं. तिथे 4.7 किंवा 2.2 किलोओहम लावून बघा.

डीएसओ138 नावाचं किट बरेच जण मागतात. बँडविड्थ 200 किलोहर्ट्झ. सोल्डरिंग शिकायला मजेशीर, 400 किलोहर्ट्झच्या आय2सीला निरुपयोगी.

प्रोब आणि अर्थिंग

प्रोबवरचं बटण 10एक्सवर (सिग्नल दहापट लहान करून देणारी जागा) ठेवा, आणि डीएसओच्या मेनूतही 10एक्सच निवडा, नाहीतर 5 व्होल्ट 0.5 दिसतील. 1एक्सवर बहुतेक प्रोबची बँडविड्थ सहा-सात मेगाहर्ट्झपर्यंत घसरते, आणि शंभरेक पिकोफॅरडचं ओझं सर्किटवर पडतं. मायक्रोकंट्रोलरला क्लॉक देणाऱ्या, 22 पिकोफॅरडचे कपॅसिटर असलेल्या क्रिस्टलला असा प्रोब टेकवला की क्रिस्टल बंदच पडू शकतो. "क्रिस्टल खराब आहे" म्हणून बदलायला आणलेले कितीतरी बोर्ड आम्ही धडधाकट परत पाठवलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीएसओची ग्राउंड क्लिप आतून थेट प्लगच्या अर्थ पिनला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (मोबाइल चार्जरसारख्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) 230 व्होल्टच्या बाजूला ती क्लिप लावली की मोठा शॉर्ट होतो: ठिणगी, उडालेला फ्यूज आणि बहुधा डीएसओही. यावर उपाय म्हणून काही जण प्लगची अर्थ पिन कापतात. तसं कधीही करू नका, मग डीएसओच्या धातूच्या भागांवरच 230 व्होल्ट येऊ शकतात. तिकडचं मोजायचंच असेल तर डिफरन्शियल प्रोब लागतो, त्याबद्दल वेगळं विचारा. आणि आधी घरातल्या स्विचबोर्डाला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन भोकं असली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.

दुकानात येताना तुमचा बोर्ड आणि तो ज्या ॲडॅप्टरवर चालतो तोही आणा. तुमच्याच सिग्नलवर दोन-तीन डीएसओ लावून दाखवतो. घेतलात तर प्रोबचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे 1 किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर प्रोबचा छोटा स्क्रू फिरवून कोपरे चौकोनी करणं, काउंटरवर तुमच्याच हातानं करून घेतो. मे महिन्यात शक्यतो सकाळी या. दुपारी आमचाही कुलर जोरात असतो आणि बोलणं ऐकू येत नाही.