चित्रकथी (पिंगुळी)

चित्रांची पोथी समोर धरून, वाद्यांच्या साथीने पौराणिक आख्यान गाऊन सांगण्याची कला. ती सादर करणाऱ्यालाही चित्रकथीच म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळलगतच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने ही कला टिकवली. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाखाली तिचे खेळ देवळांतून होत. पैठण परिसरात सापडलेली याच जातीची चित्रे ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली जातात; पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती आहेत.

पोथी या शब्दाने दिशाभूल होते, कारण तिच्यात मजकूर नसतो. एका आख्यानाची साधारण 30 ते 50 चित्रे म्हणजे एक पोथी. पाने सुटी, आकाराने अंदाजे 12 × 15 इंच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे पान जाड होते आणि उभे राहते. आरंभी गणपती आणि सरस्वती, मग कथा. शब्द सगळे तोंडपाठ. रामायण-महाभारताची ही रूपे मौखिक परंपरेतली असल्याने संस्कृत ग्रंथांशी ती ताडून चुका काढण्यात अर्थ नाही.

खेळाला दोन-तीन माणसे पुरतात. मुख्य कथेकरी पान प्रेक्षकांकडे तोंड करून उभे धरतो किंवा फळीला टेकवतो. वीणा, हुडुक आणि टाळ ही वाद्ये. हुडुक डमरूच्या घाटाचे, कमरेत बारीक. युद्धप्रसंगाला जोर चढतो तो त्याच्यावर. सुवर्णमृगाचे पान समोर आले की आधी पद होते, मग गद्यात सीतेचा हट्ट आणि रामाची टाळाटाळ कथेकरी आवाज बदलून रंगवतो. हरिणाकडे बोट दाखवतो, साथीदार सूर धरून ठेवतो, आणि राम धनुष्य घेऊन निघाला की पान उलटते. पान लवकर उलटले तर पुढची घटना आधीच दिसून उत्कंठा जाते. उशीर झाला तर बोल पुढे आणि चित्र मागे अशी फरफट होते. पाने पाठपोट असल्यामुळे एक पान चुकीच्या जागी गेले की दोन प्रसंग बिघडतात. म्हणून खेळापूर्वी पोथी लावून घेणे हे गायनाइतकेच महत्त्वाचे काम.

चित्रांची घडण या सादरीकरणातूनच आली आहे. चेहरे बाजूने दाखवलेले, डोळे मोठे, नाक टोकदार, बाह्यरेषा ठसठशीत. पात्रे एकमेकांसमोर उभी असतात, कारण प्रसंग मुख्यतः संवादाचा असतो. मागची जागा बहुधा मोकळी. एखादे झाड आले की वन झाले. दिव्याच्या उजेडात काही हातांवरून पाहणाऱ्याला बारीक कलाकुसर दिसणार नाही. ही चित्रे लघुचित्रांच्या मापाने मोजून ‘ओबडधोबड’ ठरवणे हा अन्यायच.

जुन्या चित्रांत हातकागद आणि माती, दगड, वनस्पती व काजळी यांचे रंग असत. असे रंग कागदावर धरून ठेवायला डिंक लागतो. तो कमी पडला तर सुकलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर थराला तडे जातात आणि पान वाकवताच पापुद्रे सुटतात. कोकणातली दमट हवा बुरशीला पोषक, आणि चिकटवायला पिठाची खळ वापरली तर कसर लागते. शिवाय हाताळणीने कडा आणि खालचे कोपरे आधी झिजतात. संग्रहात ठेवताना पाने उलगडून वेगळी करण्याचा मोह टाळावा: पाठपोट जोडी हाच प्रसंगांच्या क्रमाचा पुरावा असतो.

ठाकरांकडे कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांचे खेळही आहेत. याच समाजातील कलावंत परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये पिंगुळीत आपल्या गोठ्याच्या जागी ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

रात्रभर आख्यान ऐकणारा प्रेक्षक ओसरला तसे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी विकले जाऊ लागले. त्याने घरात पैसा येतो आणि मुले कुंचला धरतात, हे खरेच. पण टांगायच्या चित्राला मागचा-पुढचा प्रसंग लागत नाही. मग मोकळी जागा वेलबुट्टीने भरते, समोरासमोरची पात्रे सुटी होतात, पद शिकण्याची गरज उरत नाही. पोथीतले पान आणि विक्रीचे चित्र यांतला फरक पाहायचा तर ते उलटावे: विक्रीच्या चित्राची पाठ सहसा कोरी असते.